आठशे दिनारांचा नवरा

कुवेत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी कामगारांसाठी कुटुंब व्हिसा पुन्हा सुरू केला. २०२२ पासून तो बंदच होता. सुरू करताना अट घातली ती अशी : ज्याला आपली बायको-मुले कुवेतला आणायची आहेत त्याचा पगार महिन्याला किमान ८०० दिनार असला पाहिजे, तो विद्यापीठाचा पदवीधर असला पाहिजे आणि त्याचे काम त्या पदवीला धरून असले पाहिजे. पदवीची अट त्याच वर्षी जुलैमध्ये काढली. आठशे दिनारांची अट ठेवली. आजच्या दराने ही रक्कम दोन लाख रुपयांच्या वर जाते, आणि ती महिन्याची आहे.

याच देशाने खासगी क्षेत्रातील किमान वेतन २०१७ मध्ये ७५ दिनार ठरवले होते. त्याच्या आदल्या वर्षी घरकामगारांचे, म्हणजे स्वयंपाकी, मोलकरीण, घरचा ड्रायव्हर यांचे किमान वेतन ठरले ६० दिनार. आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. साठ दिनारांत माणूस जगू शकतो, असे सरकार म्हणते. पण नवरा म्हणून जगायचे असेल तर आठशे लागतात, असेही तेच सरकार म्हणते. मधल्या सातशे चाळीस दिनारांत जे काही आहे त्याचे नाव संसार.

ही अट एकाएकी आलेली नाही. २०१६ पर्यंत कुवेतमध्ये २५० दिनार पुरत होते. त्या वर्षी ४५० केले, २०१९ मध्ये ५००, मग ८००. आठ वर्षांत बायको आणण्याची किंमत तिपटीहून अधिक वाढली. आमच्या ड्रायव्हर-फिटरांचे पगार या आठ वर्षांत तिप्पट झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

मी शहागडला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. गोदावरीच्या काठचे, हमरस्त्यावरचे हे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा. रात्रंदिवस ट्रक जातात. इथला मुस्लिम तरुण शाळा सोडतो तो गॅरेजात जातो, नाहीतर ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो, पुढे ड्रायव्हर होतो. त्यातले काही जण जमीन नाहीतर आईचे दागिने मोडून मुंबईच्या एजंटाला पैसे मोजतात आणि सौदी, कुवेत, दुबई गाठतात. त्यानंतर गावात त्यांची एकच ओळख उरते : "लडका बाहर है." बाहेर म्हणजे कुठे, कोणत्या कामावर, इकाम्यावर धंदा कोणता लिहिला आहे, पगार किती, हे कोणी विचारत नाही. 'बाहर' या एका शब्दावर रिश्ता पक्का होतो. आणि त्याच शब्दावर 'जोडे की रकम' वाढते. गावात राहून रिक्षा चालवणाऱ्याला जेवढी रक्कम मिळते तिच्या दुप्पट-तिप्पट बाहेरच्याला. इस्लाममध्ये मेहर नवऱ्याने बायकोला द्यायची असते, हे आमच्या वाचकांना मी सांगायला नको. पण आमच्या मराठवाड्यात निजामी काळापासून हा उलटा व्यवहार चालू आहे, आणि आखाती पैशाने त्याला नवे बळ दिले आहे.

माझी एक माजी विद्यार्थिनी आहे. दहावीला गणितात वर्गात पहिली आली होती. एकोणिसाव्या वर्षी तिचा निकाह झाला. मुलगा सौदीत एका घरी ड्रायव्हर. निकाहनंतर अठ्ठावीस दिवसांनी तो परत गेला. पुढील सात वर्षांत तीन वेळा आला : पंचेचाळीस दिवस, साठ दिवस आणि बावन्न दिवस. हे आकडे तिनेच मला सांगितले, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेले. एकूण एकशे पंच्याऐंशी दिवस. सात वर्षांच्या संसारात सहा महिने. निकाह ठरताना सासरच्यांनी सांगितले होते, "साल भर में बुला लेगा." बोलावणे शक्यच नव्हते. घरच्या ड्रायव्हरच्या व्हिशावर बायको नेता येत नाही, हे त्या मुलाला निकाहच्या आधी माहीत होते, त्याच्या बापाला माहीत होते, रिश्ता जुळवणाऱ्या बाईलाही माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त जिचा निकाह होता तिला.

सौदीचे गणित वेगळ्या रीतीने चालते. तिथे इकाम्यावर 'आमिल' म्हणजे मजूर किंवा असाच खालचा धंदा लिहिलेला असेल तर कुटुंब व्हिसाचा प्रश्नच येत नाही. ज्याला तो मिळतो त्याच्यावर जुलै २०१७ पासून दर माणशी कर बसवला गेला. बायकोचे महिन्याला १०० रियाल, प्रत्येक मुलाचे १००. दरवर्षी शंभराची वाढ होत २०२० मध्ये तो ४०० झाला. बायको आणि दोन मुले धरली तर वर्षाला १४,४०० रियाल. तीन हजार रियाल कमावणाऱ्या टेक्निशियनचा हा जवळजवळ पाच महिन्यांचा पगार. त्या काळात कित्येक कुटुंबे सामान विकून परतली. औरंगाबादच्या उर्दू शाळांत वर्षाच्या मध्येच प्रवेश मागायला आलेली जेद्दाह-रियाधची मुले आठवणाऱ्या शिक्षिका माझ्या ओळखीच्या आहेत. अमिरातींनी २०१९ मध्ये धंद्याची अट काढली आणि फक्त पगाराची ठेवली : चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला घर. ओमानने २०१३ मध्ये ६०० रियालांची अट घातली आणि २०१७ मध्ये ती निम्मी केली. सहाशेच्या खाली संसार नीट चालत नाही ही जर त्यांची खात्री होती, तर चार वर्षांत तीनशेत तो कसा चालू लागला? घरे रिकामी पडली, दुकानात गिऱ्हाईक दिसेना, की अट खाली येते. गर्दी वाटली की वर जाते. यात कुटुंबाच्या भल्याचा विचार कुठे आहे हे मला शोधूनही सापडत नाही.

कोणी म्हणेल, ही राजेशाही राजवटींची रीत. लोकशाही देशांत असे नसते. मग इंग्लंडकडे पाहू. कोकणातील किती तरी मुस्लिम घरांची तिथे नातीगोती आहेत. तिथे स्थायिक झालेल्या माणसाला भारतातून बायको किंवा नवरा न्यायचा असेल तर जुलै २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड मिळकतीची अट आली. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. रुपयांत तीस लाखांच्या पुढे. मिळकत नसेल तर ८८,५०० पौंडांची शिल्लक दाखवा. येणारी बायको इथे डॉक्टर असो की प्राध्यापक, तिची भारतातील कमाई धरत नाहीत. हे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने मुलांच्या हिताकडे नियमांनी नीट पाहिले नाही म्हणून सरकारला फटकारले, पण अट तत्त्वतः कायम ठेवली. आणि ज्यांना वाटते की इंग्लंडला आकड्यांपलीकडे काही नको असते, त्यांनी १९७९ साल आठवावे. त्या वर्षी हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय बाईची कौमार्य चाचणी केली गेली होती. ती पस्तीस वर्षांची होती आणि पेशाने शिक्षिका होती. शरीर तपासण्याऐवजी आता पगाराची चिठ्ठी तपासतात, ही सुधारणा झाली असे म्हणायचे तर म्हणू.

आमच्या भागात संसार आणि मजुरी यांची दुसरी एक गाठ आहे. दिवाळी झाली की बीड-जालन्याची गावे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. पूर्ण उचल मिळावी म्हणून कोवळ्या वयात लग्ने लावली जातात, यावर या मराठवाड्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. साखर कारखान्याला जोडी हवी, कारण एकाने तोडायचे आणि दुसऱ्याने मोळी बांधायची. आखाताला एकटा हवा, कारण एकटा माणूस एका खोलीत आठजणांबरोबर झोपतो, त्याला शाळा लागत नाही, दवाखान्यात बाळंतपण लागत नाही, आणि करार संपला की एका बॅगेसह परत पाठवता येतो. गरिबाचे लग्न व्हावे की न व्हावे, कधी व्हावे, किती दिवस टिकावे, हे दोन्हीकडे मालकाच्या सोयीने ठरते. ऊसतोड कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना तरी आहेत. कोप्यांवरच्या बाईची गाऱ्हाणी विधिमंडळात गेली. शहागडात सासऱ्याच्या घरी बसलेल्या 'बाहरवाल्या'च्या बायकोचे गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे? ती तर सुखी समजली जाते. तिच्या घरी फ्रिज आहे.

इथे आमच्यातले काही जण माझ्यावर नाराज होतील. ते म्हणतील, सौदी-कुवेत ही मुस्लिम राष्ट्रे, आपल्याच भावांवर टीका करून दुसऱ्यांच्या हाती कोलीत कशाला देता? या मंडळींना मी त्यांच्याच घरातला दाखला देते. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) रात्री मदिनेत गस्त घालत असताना एका घरातून बाईचा विरहाचा आवाज त्यांनी ऐकला. तिचा नवरा मोहिमेवर गेला होता. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की बाई नवऱ्यावाचून किती काळ धीर धरू शकते? मुलीने उत्तर दिले आणि खलीफांनी सेनापतींना हुकूम पाठवला की त्याहून अधिक काळ कोणत्याही सैनिकाला घरापासून दूर ठेवू नये. कुठल्या रिवायतीत चार महिने आहेत, कुठल्या सहा. जुम्याच्या तकरीरीत हा किस्सा आपण किती वेळा ऐकला असेल! खलीफांच्या न्यायबुद्धीची वाहवा करून लोक घरी जातात. मला विचारायचे आहे की युद्धावर गेलेल्या सैनिकाला जी सवलत मिळाली ती एअरकंडिशन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला का मिळू नये? दोन वर्षांनी एकदा तिकीट देणाऱ्या करारांच्या देशांत हा किस्सा मिंबरवरून सांगत नसतील काय? उम्मतची भाषा आम्ही तकरीरीत ऐकतो. इकाम्याच्या कार्डावर ती कुठेच छापलेली नसते.

आणि जे लोक हा लेख वाचून "पाहा, मुसलमान बाईची दशा" असे म्हणायला टपलेले असतील, त्यांनाही सांगते. तेलंगणातील करीमनगर, निजामाबाद, जगत्यालच्या हिंदू मजुरांच्या बायका याच रांगेत आहेत. केरळात तर 'गल्फ वाइफ' हा शब्दच रुळला आहे, आणि त्यात हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्या आहेत. व्हिसाच्या खिडकीवर धर्म विचारत नाहीत, पगार विचारतात. नर्स म्हणून गेलेल्या बाईला आपल्या नवऱ्याला न्यायचे असेल तर अटी आणखी कडक होतात. हा श्रीमंत-गरिबाचा मामला आहे. त्याला शरियतचा मामला करून टाकला की खरे गुन्हेगार सुटतात.

मुख्य युक्तिवाद मात्र वेगळा आहे आणि तो वजनदार आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. कोणत्याही देशाला आपल्याकडे कोण यावे हे ठरवण्याचा अधिकार आहे; पगार तोकडा असेल तर ते कुटुंब सरकारी तिजोरीवर ओझे होईल; शिवाय जाणारा आपखुशीने जातो. पहिली गोष्ट मान्य. पण अधिकार आहे म्हणून त्याचा प्रत्येक वापर न्याय्य ठरत नाही. दुसरी गोष्ट : ओझे म्हणायचे तर पगार कोण ठरवतो? त्या देशातला मालक. किमान वेतन कोण ठरवते? ते सरकार. स्वतःच साठ दिनार ठरवायचे आणि मग साठ दिनारवाला बायको पोसू शकत नाही म्हणून तिला अडवायचे! आमच्याकडे शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढले तेव्हा माध्यमिकला ते १८ हजार झाले. कुवेतचा नियम महाराष्ट्रात लावला तर इथल्या निम्म्या बी.एड.धारकांना आपल्या बायकोशी एका गावात राहता येणार नाही. हसू येते ना? पण तिथल्या मजुरांच्या बाबतीत तेच वाक्य 'धोरण' म्हणून छापून येते. राहिली आपखुशी. ज्याच्या बापाने एजंटासाठी दोन एकर विकले तो मुलगा आपखुशीने परत येऊन दाखवील काय?

आपल्या देशाने हे पूर्वी पाहिलेले आहे आणि तेव्हा तो गप्प बसला नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये गिरमिटिया मजुराने करार संपल्यावर तिथेच राहायचे ठरवले तर १८९५ च्या कायद्याने त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. तो त्याच्या बायकोवरही होता आणि पुढे वयात आलेल्या मुलांवरही बसला. गिरमिटियाचा पगार महिन्याला चौदा शिलिंगांच्या आसपास. म्हणजे एका माणसाचा कर चार महिन्यांच्या कमाईहून अधिक. सौदीचा दर माणशी कर आणि हा कर यांत मला तरी शंभर वर्षांच्या अंतराशिवाय फरक दिसत नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळला मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले, तिथल्या मंत्र्यांना भेटले आणि कर उठवण्याचा शब्द घेऊन आले. तो शब्द फिरवला गेला. त्यातच १४ मार्च १९१३ ला केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेला विवाह तिथे विवाह म्हणून मान्य नाही. तो खटला होता हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांचा. नवऱ्याकडे निघालेली एक मुसलमान बाई, जिला बंदरावर अडवले. त्या निकालानंतर बायका सत्याग्रहात उतरल्या, त्यांत कस्तुरबा होत्या. कर आणि विवाह, दोन्ही प्रश्न १९१४ च्या कायद्याने सुटले. एका मरियमसाठी त्या वेळी हिंदू-मुसलमान सगळे उठले, त्याआधी पुण्याचा एक ब्राह्मण पुढारी प्रकृती ठीक नसताना तिथवर गेला होता. आज आखातात सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. त्यांच्या पैशाचे आकडे दरवर्षी अभिमानाने जाहीर होतात. आखाती देशांशी करार करताना आमचे सरकार तेलाचे बोलते, गुंतवणुकीचे बोलते, फार तर मजुरीचे बोलते. कुटुंबाचे कलम कोणी मागितले? स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार आहे. कामगारांची कुटुंबे एकत्र यावीत म्हणून राष्ट्रांनी पावले उचलावीत, असे त्यात लिहिले आहे. त्याला ना आखाती देशांनी मान्यता दिली, ना इंग्लंडने, ना भारताने. आपणच सही केलेली नाही तर दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

पण सरकारे बदलेपर्यंत आमच्या मुली थांबू शकत नाहीत. म्हणून शेवटचा वाद आमच्याच लोकांशी आहे.

अशा बायकोला कायदा काय देतो ते पाहा. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार नवऱ्याने दोन वर्षे पोटगी दिली नाही, किंवा रास्त कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पाळली नाहीत, तर बाईला फस्ख मागता येतो. पण हा नवरा दर महिन्याला पैसे पाठवतो. आणि तो येत नाही याला 'रास्त कारण' आहे : व्हिसा. म्हणजे ना ती टाकलेली, ना नांदणारी. कुठल्याच कलमात तिचे दुःख बसत नाही. पैसेही बहुधा सासऱ्याच्या खात्यात येतात, हा आणखी वेगळा विषय.

या कोंडीतून वाट निकाहनाम्यातच आहे. निकाह हा करार आहे असे आम्ही मोठ्या अभिमानाने इतर धर्मीयांना सांगतो. मग करारात अटी लिहायला कोणाची हरकत आहे? वाजवी अटी आपल्या न्यायालयांनीही मानल्या आहेत. तलाक-ए-तफवीज म्हणजे ठरावीक प्रसंगी तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवणे, हे फिकहला आणि न्यायालयाला दोघांनाही नवे नाही. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये आदर्श निकाहनामा काढला, त्यावर पुष्कळ चर्चा झाली. आमच्या भागातल्या निकाहांत मात्र मेहरचा आकडा, साक्षीदारांची नावे आणि अंगठे, एवढ्यावर काम भागते. अट लिहा म्हटले तर काझीसाहेब म्हणतात, "ये निकाह है, कोर्ट-कचेरी नहीं." आणि मुलीचा बाप खाली बघतो, कारण मांडवात अट घालणारा बाप गावात चर्चेचा विषय होतो. जोडे की रकम मोजणारा होत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक निकाह आहे. मुलगा कुवेतमध्ये. मुलगी माझ्याच शाळेतली, बारावी झालेली. निकाहच्या दिवशी तिची संमती विचारायला वकील म्हणून तिचे मामू जाणार आहेत. त्यांना मी एक कागद लिहून दिला आहे. मुलाचा इकामा कोणत्या धंद्याचा आहे, त्याची प्रत मागावी. मागील तीन महिन्यांची पगाराची चिठ्ठी पाहावी आणि ती आठशे दिनारांपासून किती दूर आहे ते मुलीसमोर मोठ्याने वाचावे. तिला तिकडे नेता येणार नसेल तर वर्षातून किती दिवस घरी येणार हे आकड्यात लिहून घ्यावे. खर्चाचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात यावेत. सलग दीड वर्ष तो आला नाही तर तलाकचा अधिकार तिला राहील, ही तफवीजची अट मेहरच्या खाली लिहावी. मामूंनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारले की ही शेवटची अट मुलीच्या बापाला आधी दाखवायची की थेट काझीसमोरच काढायची? मी म्हटले, आधी मुलीला दाखवा.